वाफेवरचा फोडणीचा ब्रेड, इंदुरी पोह्यांच्या रीतीने

फोडणीच्या पोळीला पाण्याचा हबका मारायची सवय हाताला असते आणि तोच हात ब्रेडवर चालतो. पोळी ते पाणी सोसते, ब्रेड सोसत नाही. जिथे थेंब पडतो तो तुकडा विरघळतो, शेजारचा कोरडाच राहतो. मग खाणाऱ्याच्या एका घासात लगदा येतो आणि दुसऱ्या घासात भुसा. घरोघरी होणारा हा सोपा पदार्थ मनासारखा झालेला क्वचितच खायला मिळतो, त्याचं कारण मला हेच वाटतं.

इंदुरात त्याचं उत्तर रोज सकाळी रस्त्यावर दिसतं. राजवाड्याजवळ किंवा कुठल्याही नाक्यावर पोह्यांच्या गाडीपाशी दोन मिनिटं थांबून बघा. भिजवून, हळद-मीठ-साखर लावून, फोडणीत कालवलेल्या पोह्यांचा ढीग मोठ्या परातीत असतो आणि ती परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. पोहेवाला झाऱ्याने खालचे पोहे वर आणत राहतो. कडेने वाफेची रेघ सतत वर येत असते. पहाटेच्या गिऱ्हाइकाला जसे मऊ पोहे मिळतात, तसेच दहा वाजता येणाऱ्यालाही मिळतात. मधे कोणी पाणी मारत नाही. मऊपणा सगळा वाफेचा.

ही रीत ब्रेडला लावायची हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी लग्न होऊन पुण्याहून इंदुरात आले त्या पहिल्याच पावसाळ्यात संध्याकाळी अचानक सहा पाहुणे आले. घरात ब्रेडचं ताजं पाकीट होतं. मी भराभर तुकडे केले, फोडणीत टाकले, हबका मारला आणि झाकण ठेवलं. झाकण काढलं तर कढईत पिवळा गोळा. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अगं, पाणी कशाला पाजतेस त्याला? पोह्यांसारखी वाफ दे ना." त्या दिवशी पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं करून हा ब्रेड शिकवला, आणि तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तो झालेला नाही. राईची फोडणी आणि कढीपत्ता मराठी, बडीशेप, जीरावन (वरून भुरभुरवायचा आंबट-खारा कोरडा मसाला) आणि वरून शेव माळव्याची. १८१८ साली इंदूर होळकरांची राजधानी झालं. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांत चवीची अशी सरमिसळ सहज दिसते.

वाफच का

ब्रेड शिळा होतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं असं आपण धरून चालतो. पाणी थोडं उडतं, पण घट्ट बांधलेल्या पाकिटातला ब्रेडही दोन दिवसांत कडक होतोच की! भट्टीत मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. ब्रेड थंड झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा आवळत जातो. कडकपणा येतो तो मुख्यतः यामुळे. साधारण साठ अंशांच्या वर उष्णता मिळाली की ही आवळलेली घडण परत सैल पडते. वाफ उष्णता देते आणि थोडा ओलावाही देते, दोन्ही सगळीकडे सारख्या प्रमाणात. गार पाण्याच्या हबक्यात उष्णता नसते, आणि ओलावाही ठिपक्याठिपक्यांनी पडतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. स्टार्च आवळण्याची ही क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते. म्हणून टोस्ट-सँडविचचा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की तो लवकर शिळा लागतो. आपल्याला मात्र इथे शिळाच ब्रेड हवा आहे. उद्या हा पदार्थ करायचा असेल तर आज रात्री पाकीट बेलाशक फ्रिजमध्ये टाका.

चार जणांसाठी काय काय लागेल

ब्रेड वजनाने घ्या, स्लाइस मोजू नका, कारण स्लाइसची जाडी प्रत्येक बेकरीची वेगळी. चौघांना तीनशे ग्रॅम पुरतो, म्हणजे चारशे ग्रॅमच्या पाकिटाचा पाऊण भाग. साधा पांढरा ब्रेड सर्वांत चांगला. मिल्क ब्रेड मुळातच गोड असतो, तो घेतलात तर साखर निम्मी करा. लादी पावही चालतो. गव्हाचा ब्रेड जड असतो, त्याला वाफ दोन मिनिटं जास्त लागते.

फोडणीला: तेल चार मोठे चमचे, राई एक लहान चमचा, बडीशेप दीड लहान चमचा, अर्धवट कुटलेले धणे एक लहान चमचा, हिरव्या मिरच्या चार, कढीपत्त्याची दोन टहाळं, हिंग पाव लहान चमचा, हळद अर्धा लहान चमचा, कच्चे शेंगदाणे मूठभर.

आंबट-गोड पाण्याला: एका मोठ्या लिंबाचा रस, साखर दोन लहान चमचे, मीठ अर्धा लहान चमचा, पाणी दोन मोठे चमचे.

शिवाय दोन मोठे चमचे बेदाणे. वरून घालायला एक बारीक चिरलेला कांदा, अर्ध्या डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, शेव आणि जीरावन.

तेल जास्त वाटेल. वाटू द्या. पुढे ते कशाला लागतं ते सांगते.

ब्रेड हाताने तोडा

ब्रेड किमान एक दिवसाचा जुना हवा. ताजाच असेल तर स्लाइस ताटात सुटे पसरून पंख्याखाली दोन तास ठेवा, मधे एकदा उलटा. वरचा भाग बोटाला जरा खरखरीत लागला की झालं.

बुरशीकडे मात्र नीट बघा. इंदुरात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशीच कोपऱ्यात हिरवट ठिपका उमटतो. तेवढा कोपरा तोडून बाकीचा ब्रेड वापरायचा मोह होतो, पण तसं करू नका. ब्रेड सच्छिद्र असतो, त्यामुळे डोळ्यांना ठिपका दिसतो तोवर बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात. अख्खं पाकीट टाकून द्यायचं. अन्न फेकताना मला फार वाईट वाटतं, तरी या बाबतीत मी तडजोड करत नाही.

आता तुकडे. सुरी नको. हातानेच अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे तोडा. सुरीने कापलेली बाजू गुळगुळीत होते आणि तिच्यावर मसाला टिकत नाही. तोडलेल्या तुकड्याला खाचाखोचा राहतात, त्यांत फोडणी अडकते. कडा चिवट असतात, त्यांचे तुकडे थोडे लहान करा, पण काढून टाकू नका. खमंगपणा कडांनाच येतो. पाकिटातले पहिले आणि शेवटचे स्लाइस, ज्यांना घरात कोणी हात लावत नाही, ते या पदार्थात सर्वांत आधी घाला.

तोडून झाले की तुकडे चाळणीत घेऊन हलक्या हाताने झटका. खाली पडलेला चुरा बाजूला ठेवा. तो फोडणीत गेला तर अर्धं तेल एकटाच पिऊन टाकतो आणि वाफेत त्याचीच खळ होते. कटलेट घोळवायला तो उपयोगी पडेल.

एका वाटीत लिंबाचा रस, साखर, मीठ आणि पाणी एकत्र करून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. गोड चव नीट पसरणं सगळं या वाटीवर अवलंबून असतं. साखर कोरडी वरून भुरभुरवली तर ती गरम कढईला चिकटते, तिथेच करपू लागते, आणि खाताना एखाद्याच घासात दातांखाली कचकन येते. गूळ घालून मी बघितला आहे. त्याने ब्रेड चिकट होतो आणि रंगही काळपट येतो.

मीठ अर्ध्या चमच्याच्या पुढे जाऊ देऊ नका. ब्रेडमध्ये मीठ असतं, शेवेत असतं, जीरावनात तर काळं मीठही असतं. हे सगळं ताटात एकत्र येणार आहे.

फोडणी

कढईत तेल तापवा आणि आधी शेंगदाणे मंद आचेवर तळून बाहेर काढा. साल फुटून आतला दाणा बदामी दिसायला लागला की लगेच काढायचे. ते फोडणीतच राहिले तर वाफेत मऊ पडतात, आणि मऊ शेंगदाण्याला काही मजा नाही.

त्याच तेलात राई घाला. ती पूर्ण तडतडू द्या. घाईत अर्धी राई कच्ची राहिली की कडवट लागते. तडतड मंदावली की आच बारीक करून बडीशेप आणि कुटलेले धणे घाला. त्यांना फक्त दहा-बारा सेकंद. बडीशेप हिरवीची किंचित तपकिरी होते, आणि त्या क्षणी सुटणारा गोडसर वास घरात पसरला की कोणीही न विचारता स्वयंपाकघरात डोकावतं. इंदुरी पोह्यांचा खरा वास तोच. बडीशेप काळी झाली तर ती फोडणी टाकून द्या आणि नवी करा, कारण करपलेली बडीशेप सगळा पदार्थ कडू करते.

लगेच मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता आणि हिंग. मिरचीवर पांढरे डाग उठले की गॅस बंद करा. हळद गॅस बंद केल्यावरच घालायची. तिला तेलाची उरलेली उष्णता पुरते, आचेवर ती क्षणात करपते.

इथे आपली नेहमीची रीत बदला. ब्रेड कढईत टाकू नका. ब्रेड मोठ्या परातीत पसरा आणि फोडणी त्याच्यावर ओता. कढईत टाकला तर तळाशी पडलेले पहिले पाच-दहा तुकडे सगळं तेल ओढून घेतात आणि वरचे पांढरेच राहतात. परातीत पसरलेल्या ब्रेडवर डावाने फिरवत फिरवत फोडणी ओता आणि दोन झाऱ्यांनी, तळापासून उचलून, हलक्या हाताने कालवा. प्रत्येक तुकड्याला पिवळा रंग कुठे ना कुठे लागलेला दिसला पाहिजे.

मग तो सगळा ब्रेड परत कढईत घ्या आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. कान द्या. सुरुवातीला तुकडे कढईत मुके पडतात. हळूहळू कडा कुरकुरीत होतात आणि झाऱ्याबरोबर हलकी खडखड ऐकू येऊ लागते. तिथे थांबायचं. तुकड्यावर आता तेलाची एक पातळ झिलई बसली आहे. वाफेचं पाणी तुकड्याच्या पोटात एकदम शिरू नये म्हणून ही झिलई हवी, आणि तिच्यासाठीच ते चार चमचे तेल. तेल दोन चमच्यांवर आणलं की ब्रेड वाफेत गळतो, हे मी अनेकदा करून पाहिलं आहे.

गॅस बंद करून बेदाणे घाला. आंबट-गोड पाणी बोटांनी शिंपडत जा आणि दुसऱ्या हाताने सतत हलवत राहा. हे पाणी चवीपुरतं आहे, मऊ करायचं काम त्याचं नाही, त्यामुळे वाटीत आहे तेवढंच घाला.

वाफ

रुंद पातेल्यात दोन-तीन इंच पाणी खळखळून उकळा. त्यावर नीट बसेल अशी भोकांची स्टीलची चाळण घ्या. मोदकपात्र असेल तर फारच छान. पाण्याची पातळी चाळणीच्या तळापासून निदान दोन बोटं खाली हवी, नाहीतर उकळीचे थेंब उडून खालचा ब्रेड भिजतो.

ब्रेड चाळणीत सैल भरा. दाबायचा नाही, थोपटायचाही नाही. वाफेला मधून वाट मिळाली पाहिजे. झाकणाला आतून स्वच्छ सुती फडकं गुंडाळून त्याच्या गाठी वर बांधा. झाकणाला जमणारं वाफेचं पाणी फडकं पिऊन घेतं. फडकं नसेल तर तेच पाणी टपाटप ब्रेडवर पडतं आणि इतका वेळ घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. ही एक गोष्ट कृपा करून टाळू नका.

मध्यम आचेवर चार मिनिटं. झाकण उघडा, खालचा ब्रेड वर आणा, पुन्हा दोन मिनिटं झाका. आता एक तुकडा चिमटीत दाबून बघा. दाबला की दबला पाहिजे आणि सोडला की हळूच परत फुगला पाहिजे. दाबल्यावर तसाच चपटा राहिला तर वाफ जास्त झाली. मधे टणक कणी लागली तर आणखी एक मिनिट द्या. एकूण आठ मिनिटांच्या पुढे मी कधीच जात नाही. या वेळेपर्यंत बेदाणे टपोरे फुगलेले असतात आणि चावले की गोड रस येतो.

माणसं एकेक करून येणार असतील तर ब्रेड परातीत काढून ती परात त्याच पातेल्यावर ठेवा आणि खालचं पाणी मंद उकळत राहू द्या. वर अर्धवट झाकण ठेवून अधूनमधून हलवत राहिलात तर अर्धा तास ब्रेड उतरत नाही. खाली उतरवून तसाच ओट्यावर ठेवला तर गार होताना स्टार्च परत आवळतो, आणि वीस मिनिटांत ब्रेड चामट होतो.

वरचा साज

ताटलीत ब्रेड, त्यावर तळलेले शेंगदाणे, मग कच्चा कांदा. पुण्याकडे फोडणीच्या ब्रेडमध्ये कांदा परतून घालतात. तो चवीला छान लागतो, पण त्याचं पाणी सुटतं आणि वाफेवर चढणाऱ्या ब्रेडला तेच नको आहे. कांदा कच्चाच आणि वरूनच. मग डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर.

शेव सर्वांत शेवटी, ताटली हातात देताना. गरम ब्रेडवर ती तीन-चार मिनिटांत मऊ पडते. रतलामी शेव तिखट असते, तिला लवंग-मिरीचा झणका असतो. लहान मुलांसाठी साधी बारीक शेव घ्या. शेवेवर चिमूटभर जीरावन भुरभुरवा. ब्रेडमध्ये कालवायचं नाही, वर ठेवायचं, म्हणजे पहिल्या घासाला त्याचा आंबट-खारा चटका जिभेला लागतो आणि मागून साखर-बेदाण्याची गोडी येते.

जीरावन घरी

इंदुरात जीरावन कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. मी मसाले इथल्या सियागंज बाजारातून आणून घरी करते, कारण घरच्याचा वास दोन महिने टिकतो.

चार मोठे चमचे धणे, तीन जिरे, दोन बडीशेप, एक लहान चमचा मिरी, आठ लवंगा, दोन मोठ्या वेलच्यांचे दाणे, बोटभर दालचिनी, तीन तमालपत्रं. हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर जिरं करपतं तोवर धणे कच्चेच असतात. पूर्ण गार होऊ द्या. गरम दळलं तर मसाला ओलसर होऊन मिक्सरच्या भांड्याला चिकटतो. बारीक दळताना त्यात पाव जायफळ किसून, अर्धा लहान चमचा हिंग, एक लहान चमचा सुंठ आणि एक लहान चमचा हळद घाला. दळून झाल्यावर दोन मोठे चमचे आमचूर, एक मोठा चमचा काळं मीठ, एक लहान चमचा साधं मीठ आणि एक मोठा चमचा लाल तिखट मिसळून चाळून घ्या. आमचूर आणि काळं मीठ भाजायचं नाही. काचेच्या कोरड्या बरणीत भरा, ओला चमचा आत जाऊ देऊ नका. काकडी, पेरू, उकडलेला मका, कशावरही हे चालतं.

डब्याचं आणि उरलेल्याचं

शाळेच्या डब्यात हा ब्रेड देऊ नका. मधल्या सुट्टीपर्यंत तो कडक झालेला असतो आणि शेव भिजलेली. डब्यासाठी वाफेची पायरी आणि आंबट-गोड पाणी दोन्ही गाळा, तुकडे आणखी लहान करा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतून पूर्ण कुरकुरीत करा आणि गार झाल्यावर पिठीसाखर, मीठ व आमचूर लावा. तो ब्रेडचा चिवडा होतो आणि घट्ट डब्यात तीन-चार दिवस राहतो.

संध्याकाळचा वाफेवरचा ब्रेड उरला तर कांदा-शेव पडलेला भाग वेगळा काढून संपवून टाका. नुसता ब्रेड झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो दगडासारखा लागेल, घाबरू नका. पुन्हा चाळणीत घेऊन, फडक्याचं झाकण लावून तीन मिनिटं वाफ द्या, वरून थोडं ताजं लिंबू पिळा आणि शेव नव्याने घाला. आमच्याकडे सासूबाईंना हा सकाळचाच जास्त आवडतो. चहा गाळायला घेतला की त्या आतून विचारतात, "कालचा ठेवलायस ना थोडा?"